नाव दोनेत्स्क, मुक्काम परगावी

फुटबॉलच्या वेळापत्रकात सामने दोनच प्रकारचे असतात. घरचे आणि बाहेरचे. शाख्तार दोनेत्स्क या युक्रेनच्या क्लबचे 'घरचे' सामने गेल्या दशकभरात कुठे कुठे झाले ते पाहा. आधी लविव, मग खार्किव, मग कीव. हे निदान युक्रेनमधलेच. त्यानंतर युरोपच्या स्पर्धांसाठी पोलंडमधलं वॉर्सा, जर्मनीतलं हॅम्बुर्ग, गेल्झेनकिर्शेन आणि पुन्हा पोलंडमधलं क्राकोव. या यादीत दोनेत्स्क कुठेच नाही. २ मे २०१४ नंतर हा क्लब आपल्या गावात एकही सामना खेळलेला नाही. नावात मात्र दोनेत्स्क आजही आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं म्हणजे आमच्या तालमींचीच नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की कुठली गल्ली कुठल्या कोपऱ्यात बसणार, हे लहान पोरालाही माहीत असतं. संघ गल्लीचा असतो, खेळणारं पोरगं कुणाचं तरी शेजारी असतं, आणि हरल्यावर तोंड लपवायचं तेही त्याच गल्लीत. यातला एखादा संघ वर्षानुवर्षं नागपूरच्याही पलीकडे जाऊन 'घरचे' सामने खेळतोय, अशी कल्पना मला करवत नाही. शाख्तारने ते करून दाखवलं आहे, म्हणून मी या क्लबच्या नादी लागलो.

निमित्त झालं ऑक्टोबर २०२२ मधल्या चॅम्पियन्स लीगच्या एका सामन्याचं. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले. समोर रियल माद्रिद, मैदान वॉर्साचं. शाख्तारने गोल केला आणि शेवटच्या मिनिटापर्यंत आघाडी टिकवली. ९५ व्या मिनिटाला रुडिगरने डोकं लावून बरोबरी साधली, गोलरक्षकाशी धडकून त्याचं तोंड रक्तबंबाळ झालं. समालोचक सारखा शाख्तारला 'यजमान संघ' म्हणत होता. परक्या देशात, परक्या क्लबच्या मैदानावर, स्वतःच्या देशावर बॉम्ब पडत असताना हे यजमान कसले? तेव्हापासून मी या क्लबचा इतिहास शोधून वाचत आलोय.

गोष्ट सुरू होते कोळशापासून. ऑगस्ट १९३५ मध्ये दोन्बास भागातल्या अलेक्सेई स्ताखानोव नावाच्या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. ठरवून दिलेल्या कामाच्या चौदापट. खाणीचं छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावणारे दोघे त्याच्यासोबत होते, पण विक्रम लागला एकाच्याच नावावर. सोव्हिएत सरकारने त्याला देशभरचा आदर्श कामगार केलं. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, दोन्बासच्या खाणकामगारांचा फुटबॉल संघ उभा राहिला तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'स्ताखानोवेत्स', म्हणजे स्ताखानोवचे अनुयायी. १९४६ मध्ये नाव बदलून झालं 'शाख्त्योर'. त्याचंच युक्रेनियन रूप 'शाख्तार'. अर्थ अगदी साधा, खाणकामगार.

गावाची नावंही अशीच बदलत गेली. १८७० च्या सुमारास जॉन ह्यूज नावाच्या वेल्श माणसाने इथे लोखंडाचा कारखाना काढला. त्याच्या आडनावावरून वस्तीला नाव पडलं युझोवका. पुढे स्टालिनच्या काळात ती स्टालिनो झाली आणि १९६१ मध्ये दोनेत्स्क. म्हणजे क्लब जन्मला तेव्हा गावाचं नाव दोनेत्स्क नव्हतंच. वरून हुकूम आला की पाटी बदलायची, खाली माणसं तशीच कोळसा काढत राहायची.

सोव्हिएत काळात हा क्लब कधी लीगचा विजेता झाला नाही. मॉस्कोचे क्लब आणि कीवचा दिनामो यांच्यापुढे दोनेत्स्क म्हणजे धुराने काळवंडलेलं कामगारांचं गाव. पण कप स्पर्धेत, जिथे एकच दिवस जिंकायचा असतो, तिथे ही मंडळी भल्याभल्यांना लोळवायची. १९६१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी मॉस्कोच्या तोर्पेदोला ३-१ ने हरवलं. १९६२ मध्ये कप पुन्हा जिंकला, नंतर १९८० आणि १९८३ मध्येही. १९७९ मध्ये लीगमध्ये दुसरा नंबर आला आणि वितालि स्तारुखिन २६ गोल करून सोव्हिएत संघातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. साठच्या दशकापासून क्लबचे रंग काळा आणि नारिंगी. खाणीतला अंधार आणि वर आल्यावर दिसणारा उजेड, असा त्याचा अर्थ तिथले लोक सांगतात. तो वर येणारा उजेड प्रत्येकाच्या नशिबी नसायचा. २००७ मध्ये दोनेत्स्कच्या झास्याद्को खाणीत स्फोट झाला आणि शंभराहून जास्त कामगार गेले.

आता या गोष्टीत आपल्या ओळखीची नावं येतात. सोव्हिएत संघ मोडला, युक्रेन स्वतंत्र झाला, आणि नव्वदच्या दशकात क्लबची सूत्रं अखात ब्रागिन या माणसाकडे आली. अखात म्हणजे आपला अहद. तो तातार मुसलमान. व्होल्गा नदीकाठचे तातार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दोन्बासच्या खाणींत कामाला येत होते आणि तिथेच रुजले होते. ब्रागिनचं नाव गुन्हेगारी जगाशी जोडलं जायचं, आणि तो काळच तसा होता. १५ ऑक्टोबर १९९५ रोजी सिम्फेरोपोलच्या ताव्रिया संघाविरुद्ध सामना होता. ब्रागिन स्टेडियममध्ये शिरला आणि बॉम्बस्फोट झाला. तो आणि त्याचे अंगरक्षक जागीच ठार झाले. दोनेत्स्कमधल्या मशिदीला 'अखात जामी' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

पुढच्या वर्षी क्लबचा अध्यक्ष झाला रिनात अख्मेतोव. वय तीस, जन्म दोनेत्स्कचा, बाप खाणकामगार. आडनाव फोडून पाहिलं की आत अहमद सापडतो. धर्माने सुन्नी मुसलमान, वंशाने तातार, बोली रशियन, नागरिक युक्रेनचा, आणि पुढे देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस. त्या धुमाळीच्या काळात कुणाची संपत्ती कशी उभी राहिली हा युक्रेनमध्ये आजही वादाचा विषय आहे, आणि या माणसाला हिरो करावं असं मला वाटत नाही. पण माझ्यासारख्या, मराठीत लिहिणाऱ्या आणि 'तुमचं मराठी छान आहे हो' हे कौतुक आयुष्यभर ऐकणाऱ्या माणसाला या अख्मेतोवकडे जरा निरखून पाहावंसं वाटतं. २०१४ मध्ये दोनेत्स्क पेटलं तेव्हा त्याला दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला गेला: तू नक्की कुणाचा? कीवमधल्या टीकाकारांना वाटलं, हा फुटीरांविरुद्ध पुरेसा ठाम नाही. फुटीरांच्या लेखी तो कीवचा माणूस होता. त्याने त्या वर्षी मे महिन्यात रोज दुपारी बारा वाजता कारखान्यांचे भोंगे वाजवून शांततेसाठी निषेध करायची हाक दिली होती. भोंगे वाजले, युद्ध थांबलं नाही.

पण त्याआधीची बारा-तेरा वर्षं या क्लबच्या सुखाची. २००२ मध्ये शाख्तारने पहिल्यांदा युक्रेनची लीग जिंकली आणि लागोपाठ नऊ वर्षं चाललेली दिनामो कीवची सद्दी मोडली. २००४ मध्ये रुमानियाचा मिर्चा लुचेस्कू कोच म्हणून आला आणि बारा वर्षं राहिला. त्याची रीत सोपी होती. बचावात पूर्व युरोपातले राकट गडी, हल्ल्यात ब्राझीलची तरुण पोरं. फर्नांदिन्यो, विलियन, दग्लस कोस्ता ही सगळी दोनेत्स्कच्या थंडीत घडली. २० मे २००९ रोजी इस्तंबूलमध्ये शाख्तारने जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ ने हरवून युएफा कप जिंकला. लुइझ आद्रियानोने पहिला गोल केला, जादसनने दुसरा. स्वतंत्र युक्रेनच्या क्लबने जिंकलेली ती पहिली युरोपीय स्पर्धा.

त्या रात्री कप उचलणारा कर्णधार होता दारियो स्रना, क्रोएशियाचा. त्याचे वडील उझेर बोस्नियाचे मुसलमान, दुसऱ्या महायुद्धात लहानपणीच पोरके झालेले. स्रना स्वतः युगोस्लाव्हियाच्या फुटीच्या युद्धात वाढला. शाख्तारकडून तो पाचशेहून जास्त सामने खेळला. २०१४ मध्ये युद्ध पेटल्यावर त्याने आपल्या गावाकडून दोनेत्स्क भागातल्या शाळकरी मुलांसाठी सुमारे वीस टन संत्री पाठवली. घर सोडून पळावं लागणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कप जिंकल्यावर तीनच महिन्यांत, ऑगस्ट २००९ मध्ये, दोन्बास अरेना हे नवं स्टेडियम उघडलं. पन्नास हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं. बाहेर पाण्याच्या जोरावर फिरणारा ग्रॅनाइटचा अजस्र चेंडू. उद्घाटनाला बियॉन्से गायली. २०१२ च्या युरो स्पर्धेचे पाच सामने इथे झाले, स्पेन आणि पोर्तुगालमधला उपान्त्य सामनाही. पाहुण्यांसाठी विमानतळाची नवी इमारत बांधली. तीन वर्षांच्या आत त्या इमारतीचा फक्त सांगाडा उरला, आणि स्टेडियमवर पाच वर्षांत शेवटचा सामना झाला. २ मे २०१४, मारिउपोलच्या संघाविरुद्ध, ३-१ ने विजय. त्या दिवशी घरी परतणाऱ्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं की आपण शेवटचं पाहून आलो.

त्या उन्हाळ्यात संघ फ्रान्समध्ये एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला. दोनच दिवसांपूर्वी दोनेत्स्क भागावरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं होतं. सामना संपल्यावर सहा परदेशी खेळाडूंनी युक्रेनला परतायला नकार दिला. नंतर ते आले, पण दोनेत्स्कला नाही. क्लबने मुक्काम कीवला हलवला आणि घरचे सामने हजारभर किलोमीटरवरच्या लविवमध्ये ठरवले. लविव हे युक्रेनियन भाषेचं, युक्रेनियन अभिमानाचं शहर. तिथल्या लोकांच्या लेखी दोनेत्स्कवाले म्हणजे पूर्वेचे, रशियन बोलणारे. मोठ्या स्टेडियममध्ये थोडी माणसं आणि तीही थंडच. आपल्याच देशात पाहुणं असणं काय असतं ते शाख्तारने तिथे पाहिलं. इकडे दोन्बास अरेनावर तोफगोळे पडले. जे उभं राहिलं त्यात अख्मेतोवच्या संस्थेने मदत केंद्र चालवलं, जिथून धान्य, तेल, साखरेची पाकिटं वाटली जायची. २०१७ मध्ये फुटीरांनी तेही बंद पाडलं.

इथे मला माझी नानी आठवते. नानीचं गाव धरणात गेलं. सरकारने वसाहत दिली ती पन्नास किलोमीटरवर, उसाच्या पट्ट्यात, दुसऱ्याच गावाच्या शिवारात. पण वसाहतीच्या पाटीवर नाव जुन्या गावाचंच. अशा पाट्या सांगली-कोल्हापूरकडे तुम्ही पाहिल्या असतील. तिथले मूळचे लोक वसाहतीतल्यांना वर्षानुवर्षं 'धरणग्रस्त' म्हणायचे, आणि नानी तिथे चाळीस वर्षं राहूनही 'गावाकडे' म्हणायची ते पाण्याखालच्या गावाला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पिराच्या जागेचा चौथरा वर येतो. मग टेम्पो करून सगळे जायचे, मराठे, धनगर, आम्ही मुलाणी. नारळ फुटायचा, फातिहा व्हायची, प्रत्येकजण आपल्या घराची जागा पोरांना दाखवायचा. त्या गावात जन्मलेलं कुणी आता फारसं उरलं नाही. नाव टिकलं आहे.

धरणाचं पाणी आणि तोफगोळे यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. धरणाने आमचं शेत भिजवलं, निदान कुणाचं तरी भिजवलं. पण नाव सोबत घेऊन निघण्यामागे काय असतं, ते मला नानीमुळे समजतं. शाख्तारने नाव बदलून 'शाख्तार कीव' केलं असतं तर तिकिटं कदाचित जास्त खपली असती. त्यांनी तसं केलं नाही.

आणि ते जिंकत राहिले. २०१७ च्या डिसेंबरात खार्किवमध्ये त्यांनी मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवून चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत धडक मारली. बाद फेरी गाठली तर झोरोचा मुखवटा घालून येईन, असा शब्द कोच पाउलो फोन्सेकाने दिला होता. तो खरंच काळा मुखवटा आणि टोपी घालून पत्रकारांसमोर बसला. घर नसलेल्या संघातही हसण्याची सोय कुणीतरी करावी लागते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला दुसऱ्यांदा घर गेलं. ब्राझीलचे खेळाडू बायका-पोरांसह कीवच्या एका हॉटेलात अडकले, मग रेल्वेने देशाबाहेर पडले. लीग अर्धवट सोडावी लागली, १९४१ च्या हंगामासारखीच. शाख्तार त्या वेळी गुणतक्त्यात पहिला होता, पण विजेता कुणालाच जाहीर केलं नाही. क्लबच्या लहान मुलांचा एक कोच तोफगोळ्याचा तुकडा लागून गेला. अकादमीच्या मुलांना क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिट क्लबने आसरा दिला. परदेशी खेळाडूंना करार थांबवून दुसरीकडे जायची मुभा फिफाने दिली, आणि संघातले अर्धेअधिक मोहरे गेले. क्लबने भरपाई मागितली, ती क्रीडा लवादाने फेटाळली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उरलेली पोरं मदतनिधीसाठी ग्रीसमध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्ध खेळली. त्यांच्या पाठीवर स्वतःची नावं नव्हती, बॉम्ब पडलेल्या शहरांची होती.

गेऑर्गी सुदाकोव हा त्यांच्यापैकी एक. लुहान्स्क भागातल्या खाणींच्या गावात जन्मलेला. दोनेत्स्कचं स्टेडियम बंद झालं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे ज्या क्लबसाठी खेळला त्याच्या घरच्या मैदानावर त्याला त्या क्लबसाठी कधी खेळता आलं नाही. युद्धाच्या पहिल्या दिवसांत त्याने गरोदर बायकोसोबत तळघरातला फोटो टाकला होता. अशा पोरांना घेऊन शाख्तारने २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा लीग जिंकली. भोंगा वाजला की सामना थांबायचा, खेळाडू तळघरात जायचे, सायरन संपला की पुन्हा चेंडू. २०२३ च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गमध्ये त्यांनी बार्सिलोनाला १-० ने हरवलं, डानिलो सिकानच्या गोलवर. स्टेडियम गच्च भरलेलं, आणि गर्दीत युक्रेनमधून परागंदा झालेले कितीतरी.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. नाव घेऊन जे निघाले त्यांची गोष्ट आपण ऐकतो. जे दोनेत्स्कमध्येच राहिले त्यांचं काय? म्हातारी माणसं, खाणकामगार, ज्यांच्याकडे जायला पैसे नव्हते किंवा जायचं नव्हतं, असे लाखो. त्यातल्या काहींना वाटतं, क्लब आपल्याला सोडून गेला. काही जण चोरून स्कोअर बघत असतील. २०१४ मध्ये तिथे जन्मलेलं मूल आज शाळेत जातं. रोज त्या रिकाम्या स्टेडियमजवळून जात असेल आणि त्याच्यासाठी ती नुसती एक मोठी बंद इमारत असेल. नानीच्या गावाला पाणी ओसरल्यावर जाता तरी येतं. इथे गाव पाण्याखाली नाही, डोळ्यांसमोर आहे, आणि तरी जाता येत नाही. क्लब त्या मुलाचा की हॅम्बुर्गमध्ये झेंडा घेऊन बसलेल्या निर्वासिताचा? मला वाटतं, दोघांचा. पण तसं म्हणायची सोय आज त्या दोघांपैकी कुणालाच उरलेली नाही.

अलीकडे शाख्तारने आणखी एक संघ काढला आहे. नाव 'शाख्तार स्तालेवी', म्हणजे पोलादी खाणकामगार. युद्धात पाय गमावलेले सैनिक कुबड्यांवर खेळतात, गोलरक्षकाला एकच हात असतो. मी त्यांचे व्हिडिओ पाहिले. कुबड्या मागे टेकून, एका पायावर अख्खं अंग झोकून ते चेंडू मारतात, पडतात, कुणाचा हात न घेता उठतात. अंगात तोच काळा-नारिंगी शर्ट. छातीवर खाणकामगारांचे दोन हातोडे, १९३६ हे साल, आणि खाली युक्रेनियन अक्षरांत लिहिलेलं गावाचं नाव.